ताई, तुम्ही हात धुऊन आलात

पार्सल खिडकीवरच्या ताईंना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, खिडकीवरच्या पाटीवर वाचलं होतं. ते इथे मुद्दाम लिहीत नाही. सरकारी नोकरीत कौतुकसुद्धा कधी कधी माणसाला नडतं. पण पत्र मात्र उघड लिहिते आहे, चार लोकांनी वाचावं म्हणून. गेल्या काही महिन्यांत ज्यांनी आम्हाला वाऱ्यावर सोडलं, त्यांच्याबद्दल मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले होते. मग तुमच्याबद्दल गप्प बसणं बरं नव्हे.

खोकं पोहोचलं, ताई. अमेरिकेत, मिशिगनला, लेकीच्या दारात, बाळ जन्मायच्या आधी. नोव्हेंबरात नात झाली. सासूबाईंनी शिवलेल्या गोधडीत गुंडाळलेला फोटो आला तो मी तुम्हाला दाखवायला आले होते, पण त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात. म्हणून हे पत्र.

माझं लेकीच्या बाळंतपणाला जाणं जमणार नव्हतं. सासूबाई ऐंशीच्या पुढे, त्यांना एकटं ठेवून इतक्या लांब जायचं कसं? पहिलं बाळंतपण आईकडे, ही आपली रीत. इथे आईकडे येणं नाही आणि आईनं जाणंही नाही. मग उरला फक्त बाळंतविडा. झबली, टोपरी, दुपटी, खणाची कुंची, लाळेरी, काळ्या मण्यांच्या मनगट्या. आणि गोधडी. सासूबाईंच्या तीन लुगड्यांची, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. उन्हाळाभर दुपारी ओसरीवर बसून त्यांनी धावदोरा घातला. हात थरथरतात, म्हणून टाके कुठे लांब, कुठे आखूड.

आम्हाला किती जणांनी ऐकवलं, "अहो, तिकडे सगळं मिळतं, कशाला खर्चात पडता?" मिळतं, माहीत आहे. पणजीच्या लुगड्याची गोधडी कुठल्या दुकानात मिळते ते मात्र कुणी सांगितलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच आपलं अमेरिकेला जाणारं टपाल बंद झालं. 25 ऑगस्ट 2025 पासून. गणपती दोन दिवसांवर आलेले. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी 29 ऑगस्टपासून काढून टाकली. चीनहून जाणाऱ्या मालाची माफी मे महिन्यातच गेली होती, आता सगळ्या जगाची गेली. शुल्क कोणी गोळा करायचं आणि तिकडे कसं भरायचं, याचा पत्ता नाही, म्हणून विमान कंपन्या टपालाच्या थैल्याच घेईनात. वर 27 ऑगस्टला, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी, आपल्या मालावरचं तिकडचं आयात शुल्क 50 टक्क्यांवर गेलं. सुरुवातीला पत्रं आणि 100 डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू जातील असं जाहीर झालं होतं, पण ऑगस्ट संपता संपता तेही थांबलं. आपलंच नव्हे. जागतिक टपाल संघाने सांगितलं की 88 टपाल खात्यांनी अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा थोडीफार बंद केली, आणि 29 ऑगस्टला तिकडे जाणारं टपाल आठवड्यापूर्वीपेक्षा 81 टक्क्यांनी कमी होतं. भांडण मोठ्या देशांचं, मालाचं, पैशाचं. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं त्यात बाळाचं दुपटंही अडकलं. जगभरात अशी किती खोकी त्या दिवसांत घरच्या कपाटावर पडून राहिली असतील, या विचाराने मला आजही कसंतरी होतं.

तुमच्याकडे यायच्या आधी मी कुठे कुठे गेले ते थोडक्यात सांगते. एका ठिकाणी साहेबांनी मोबाइलमधून मान वर न करता "अमेरिका बंद" एवढे दोन शब्द टाकले. कधी सुरू होईल विचारलं, तर उत्तरच नाही. मग एका कुरिअरवाल्याने "काळजीच सोडा काकू, आपलं वेगळं चॅनल आहे" म्हणून खोकं ठेवून घेतलं. भेटवस्तू आहे असं सांगूनही आयात शुल्काचे म्हणून रोख पैसे आगाऊ घेतले. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही. शेवटी यजमान जाऊन बसले तेव्हा कुठे खोकं परत मिळालं, गोदामातल्या ओलीने एक बाजू फुगलेली, चिकटपट्टी फाडलेली, आत सगळं कोंबलेलं. गोधडीच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग. पैसे गेले त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण त्या माणसाने ती गोधडी उघडून पाहिली होती आणि पुन्हा गोणपाटासारखी बोळा करून आत टाकली होती, हे मी अजून विसरलेले नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत. रिठे भिजत घालून त्यांनी तो डाग स्वतः काढला.

नवरात्रात मी तुमच्या खिडकीवर आले ती मनात काही आशा ठेवून नव्हे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "काकू, आज मला अमेरिकेचं बुकिंग घेताच येत नाही. आणि घेता आलं असतं तरी ते पडूनच राहिलं असतं. सुरू होईल, पण तारीख मला माहीत नाही. माहीत नसताना सांगणार नाही." महिनाभर सगळ्यांना सगळं माहीत होतं, ताई. माहीत नाही असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. आणि मला त्याच क्षणी तुमचा भरवसा वाटला. तुम्ही माझा नंबर तुमच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलात. असे नंबर खूप जण लिहून घेतात, म्हणून मी तो विषय तिथेच सोडून दिला होता.

15 ऑक्टोबरला अमेरिकेचं टपाल पुन्हा सुरू झालं. शुल्क इथेच आधी भरून घ्यायची नवी पद्धत, तिची चाचणी दिल्लीत आणि टपाल खात्याच्या आपल्या महाराष्ट्र विभागातच झालेली. वसुबारस दोन दिवसांवर. मी चकलीच्या भाजणीत होते आणि फोन वाजला. "काकू, अमेरिका सुरू झाली. भेटवस्तू 100 डॉलरच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. उद्या खोकं बंद न करता घेऊन या, मला आत बघावं लागेल." तुम्ही स्वतःच्या फोनवरून केलात तो फोन. मी पीठ लागलेल्या हाताने पदराने डोळे पुसले.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवसाबद्दल.

दिवाळीची गर्दी होती. रांग पार दारापर्यंत. तुम्ही सकाळपासून शिक्के मारत होतात, बोटांना जांभळी शाई, चिकटपट्टीचा चिकटा. मी खोकं पुढे केलं. तुम्ही झाकण उघडलंत, वरची टोपरी दिसली, आणि तुमचा पुढे आलेला हात मागे गेला. "जरा थांबा हं काकू," म्हणून तुम्ही उठलात आणि आत गेलात. मला वाटलं काहीतरी नियम आडवा आला. पोटात गोळा उठला. आतून नळाचा आवाज आला. मग तुम्ही रुमालाला हात पुसत बाहेर आलात, बोटं दिव्याखाली उलटीपालटी करून पाहिलीत, आणि म्हणालात, "शाई होती हाताला. बाळाचे कपडे आहेत ना."

ताई, त्या खोक्याला तोवर किती हात लागले होते. कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग तुम्ही गोधडी काढलीत, टेबलावर पसरलीत आणि तळव्याने सगळ्या बाजूंनी दाबून दाबून पाहिलीत. मी विचारलं, काय बघताय? तर म्हणालात, "सुई. माझी आजी शिवायची, एकदा एका गोधडीत सुई राहून गेली होती." कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तुमचा हात फिरला, कुठेही घाई नाही. मागून कुणीतरी "आवरा की ओ" म्हणालं. तुम्ही मान वर करून साध्या आवाजात सांगितलंत, "तान्ह्या बाळाचं सामान आहे, दोन मिनिटं द्या." आणि खरं सांगते, रांगेचा नूरच पालटला. एका आजोबांनी स्वतःच्या पिशवीतलं प्लास्टिक काढून दिलं, "खाली अंथरा, ओल लागायची नाही." एका मुलाने माझ्या हातातली छत्री धरली.

बाळगुटीची पुडी तेवढी तुम्ही बाजूला काढलीत. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, अशा मुळ्या-शेंगांसाठी तिकडे सगळं खोकं अडकवून ठेवतील म्हणालात. ती पुडी कागदात बांधून माझ्या हातात दिलीत, टोपलीत टाकली नाहीत. फॉर्मवर काय काय लिहायचं ते एकेक विचारून लिहिलंत. शेवटी गोधडीची घडी घातलीत ती काठ आत आणि मऊ बाजू वर, जशी घरी घालतात तशी.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या उठल्या, सुयांची डबी काढली आणि सुया मोजायला बसल्या. सगळ्या होत्या. तरी पहिल्या व्हिडिओ कॉलवर बाळ दिसल्या दिसल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काही टोचत नाही ना गं तिला?" लेक हसायला लागली. तिला काय माहीत हा प्रश्न कुठून आला.

मी बँकेत जाते, तलाठ्याकडे जाते, दवाखान्यात जाते. नियम सगळीकडे असतात आणि ते पाळायलाही हवेत. तुम्हीही एकसुद्धा नियम मोडला नाहीत, मला रांगेत पुढे घेतलं नाहीत, वजनात सूट दिली नाहीत. मी मागितलीही नसती. तरी त्या खिडकीवरून परतताना मला कितीतरी महिन्यांनी माणसासारखं वाटलं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, खेड्यात शाळामास्तर. ते पोस्टमनला उन्हातून आलेला पाहिला की आधी पाणी द्यायचे आणि मग पत्र घ्यायचे. तेव्हा मनीऑर्डर वाचून दाखवणारे, म्हातारीला मुलाचं पत्र दोनदा वाचून दाखवणारे पोस्टमन होते. लोक म्हणतात ती माणसं गेली. मी आता हे कुणाचं ऐकून घेत नाही. तुमच्यासारखी माणसं खिडक्यांमागे बसलेली आहेत, चार रुपये जास्त मिळत नाहीत, कुणी शाबासकी देत नाही, संगणक बंद पडला तरी शिव्या तुम्हालाच, आणि तरीही तान्ह्या बाळाच्या कपड्यांना हात लावायच्या आधी उठून हात धुऊन येता. हे कुठल्या परिपत्रकात नसतं. हे तुमच्या आईने, आजीने घातलेलं वळण आहे, त्या दोघींनाही माझा नमस्कार सांगा.

तुमच्या वरिष्ठांनी हे वाचलं तर त्यांना माझी विनंती आहे: अशा माणसांना पार्सल खिडकीवरून हलवू नका. आणि त्या कुरिअरवाल्या गृहस्थांनी वाचलं तर, पैसे नकोत मला तुमचे. पुढच्या वेळी कुणाचं खोकं उघडलंत, तर निदान घडी घालून बंद करा.

आता कामाचं. नातीची पहिली संक्रांत आली आहे, 14 जानेवारीला. काळं झबलं सासूबाईंचं बेतून झालंय, आणि हलव्याचे दागिने मी घरीच करते आहे: मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा. बोरं काही तिकडे पाठवता यायची नाहीत, ते तिथल्या चॉकलेट-कुरमुऱ्यांवर भागवतील. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं, ती 25 जानेवारीला आहे. एवढ्या दिवसांत पोहोचेल का, आणि हलवा वाटेत फुटू नये म्हणून कापसात बांधू की थर्माकोलमध्ये, हे तुम्ही सांगाल तसं करीन. पोहोचणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, तुमच्याकडून मला ते चालेल. सोमवारी दुपारी येते, खोकं उघडंच घेऊन येईन. बरोबर तुमच्यासाठी तिळाच्या वड्या आहेत, त्या मात्र वजन न करता घ्या.

तुमची,
मिशिगनच्या बाळाची आजी