नदीचे पाणी तपासायचे तर पाणलोटात शिरावे लागेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल प्रसिद्ध झाला की वृत्तपत्रांत सरासरीचा एक आकडा येतो आणि त्यापुढे ‘समाधानकारक’ किंवा ‘प्रदूषित’ असा शेरा असतो. तो नमुना नेमका कुठून, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि पाऊस पडून गेल्यावर किती तासांनी घेतला होता, हे मात्र क्वचितच कळते. या तीन गोष्टी ठाऊक नसतील तर त्या आकड्यावरून नदीविषयी फारसे काही सांगता येत नाही आणि पुष्कळ ठिकाणी देखरेख नेमकी याच तीन बाबतींत उणी पडते, असे माझे मत आहे.

आधी वेळेविषयी. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हे प्रमाण साडेसातच्या आसपास उतरते. शेवाळ माजलेल्या पात्रात दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू भरपूर वाढतो, परंतु सूर्य मावळल्यावर तेच शेवाळ आणि तळच्या गाळातले जिवाणू तो रात्रभर वापरत राहतात, त्यामुळे पाण्याची सर्वांत वाईट अवस्था उजाडण्याच्या सुमारास येते. मासे गुदमरतात ते पहाटे, आणि नमुना घेतला जातो कार्यालयीन वेळेत, ऊन चढल्यावर. बीओडीची, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात याची, चाचणी तर नमुना २० अंशांवर पाच दिवस ठेवून करावी लागते. निकाल हाती येईपर्यंत ते पाणी केव्हाच खाली वाहून गेलेले असते. ही चाचणी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, पण धोक्याची सूचना तिच्याकडून मिळणार नाही. त्यासाठी तापमान, सामू (पीएच), विद्युतवाहकता, गढूळपणा आणि विरघळलेला प्राणवायू अखंड नोंदवणारी यंत्रे पात्रात हवीत. अशा यंत्राला कीटकनाशक किंवा जिवाणू ओळखता येत नाहीत, मात्र काहीतरी बदलले आहे आणि आता बाटली घेऊन जायला हवे, एवढे ते वेळीच सांगते. त्याच्या संवेदकांवर काही दिवसांतच बुळबुळीत थर चढतो आणि आकडे चुकू लागतात, म्हणून खरेदीइतकीच तरतूद साफसफाई आणि अंशशोधनासाठीही (आकडे अचूक येतात का ते तपासून यंत्र जुळवण्यासाठीही) ठेवली पाहिजे.

पावसाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोरड्या दिवसांत रस्त्यांवर तेल आणि टायरची झीज, गोठ्यांभोवती शेण, उकरलेल्या जागांवर सुटी माती आणि शेतांत खतांचा अंश साचत जातो, आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर हे सारे ओढ्यांत उतरते. लहान ओढ्यात हा लोंढा काही तासांत येऊन जातो. महिन्यातून एकदा ठरलेल्या तारखेला जाणाऱ्याची आणि त्याची गाठ पडणे निव्वळ योगायोगाचे असते. स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतो, त्यामुळे वर्षभरात नदीत येणाऱ्या स्फुरदाचा मोठा वाटा मोजक्या पावसाळी दिवसांतच वाहून येतो. नायट्रेटची तऱ्हा निराळी आहे. ते पाण्यात विरघळून जमिनीत मुरते आणि भूजलातून सावकाश, कधी कधी कित्येक वर्षांनी, नदीत पाझरते. वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनी खतांचा वापर आटोक्यात आणूनही दोन वर्षांत नायट्रेट उतरले नाही म्हणून त्यांचे प्रयत्न फसले असे ठरवणे, हे म्हणूनच घाईचे आणि अन्यायाचे आहे.

नमुन्याबरोबर विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहते ते, मोजला नाही तर हिशेब पूर्ण होत नाही. प्रतिलिटर २ मिलिग्रॅम नायट्रेट असलेली नदी सेकंदाला १० घनमीटर वेगाने वाहत असेल, तर दिवसाला १,७२८ किलो नायट्रेट खाली जाते. पुरात विसर्ग १०० घनमीटर झाला आणि तीव्रता, म्हणजे प्रतिलिटर प्रमाण, तीच राहिली, तर हा भार दहापट होतो. खालच्या जलाशयात शेवाळ किती वाढणार हे अशा भारावर अवलंबून असते, आणि अहवालात मात्र केवळ तीव्रता छापलेली असते.

आता जागेविषयी. नमुने बहुधा पुलांजवळ घेतले जातात, कारण तिथे पोहोचणे सोपे असते. नाल्यातून आलेले सांडपाणी नदीत लगेच मिसळत नाही. बरेच अंतर ते एका काठाला धरून वाहते, आणि समोरच्या काठावरून घेतलेली बाटली स्वच्छ निघते. नमुना प्रवाहाच्या मुख्य धारेतून, बाटलीचे तोंड वरून येणाऱ्या प्रवाहाकडे ठेवून, पृष्ठभागाखालून घ्यायचा असतो. जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली नदीच्या पाण्याने विसळायची नसते आणि ती बर्फात, अंधारात ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायची असते. एवढे पाळूनही पुलाजवळचा आकडा दोष कुणाकडचा हे सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी, आणि प्रत्येक नाल्याच्या वर व खाली, अशी ठिकाणे जोडीने निवडावी लागतात.

तळातला दगड उलटून पाहणे हीदेखील एक तपासणीच आहे. त्याच्या खालच्या बाजूला शेपटीसारखे तीन तंतू असलेली मेफ्लाय या कीटकाची चपटी पिल्ले आणि बारीक खड्यांचे घर अंगाभोवती विणणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या दिसल्या, तर गेले काही महिने तिथले पाणी बरे होते असे समजावे. त्यांच्या जागी केवळ लाल रक्तअळ्या वळवळत असतील, तर प्राणवायूची चणचण आहे. रात्रीतून सोडलेले घाण पाणी सकाळच्या बाटलीत सापडणार नाही, या जिवांच्या नाहीसे होण्यातून मात्र ते उघड होते. थोड्या प्रशिक्षणाने हे काम विद्यार्थीही नीट करू शकतात.

पाणलोटातले धोके आधीच नोंदवून ठेवणे का गरजेचे आहे, हे १ नोव्हेंबर १९८६ रोजी ऱ्हाइन नदीवर दिसले. स्वित्झर्लंडमधल्या बासेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली आणि ती विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके थेट नदीत गेली. खालच्या कित्येक किलोमीटरमधले ईल मासे मेले. त्यानंतर काठावरच्या देशांनी १९८७ मध्ये ऱ्हाइनसाठी संयुक्त कृती कार्यक्रम स्वीकारला. आगीचे पाणी अडवणारी टाकी गोदामाशेजारी असावी, ही साधी गोष्ट त्या दुर्घटनेआधी पुरेशी गंभीरपणे घेतली गेली नव्हती.

संरक्षणाचे उपाय माहीत नाहीत असे नाही. काठालगत गवताचा आणि झाडांचा पट्टा राखला तर वाहून येणारी माती अडते आणि सावलीमुळे पाणी थंड राहते. जनावरांसाठी पाणवठा काठापासून दूर केला तर काठ ढासळत नाहीत. अडचण खर्चाची आहे, कारण जमीन वरच्या गावांतल्या लोकांची जाते आणि पाणी खालच्या शहराला मिळते. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल आणि डेलावेअर पाणलोटांतल्या गावांशी करार करून हा प्रश्न सोडवला. महागडा गाळण प्रकल्प उभारण्याऐवजी शहराने जमिनी खरेदी करण्यासाठी, गावांची सांडपाणी व्यवस्था सुधारण्यासाठी आणि शेतकऱ्यांच्या उपाययोजनांसाठी पैसा दिला, आणि त्या भागातले पाणी आजही न गाळता, केवळ निर्जंतुक करून, शहराला पुरवले जाते. पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा पाणलोटातल्या गावांकडे वळवण्याची तरतूद प्रत्येक नदी खोऱ्यात कायद्यानेच झाली पाहिजे, आणि त्या पैशाचा परिणाम ओढ्याओढ्यावरच्या मोजणीतून दरवर्षी जाहीर झाला पाहिजे.

आपला विश्वासू,
एक वाचक