क्लस्टर हेडची पाळी

देवगड,
शनिवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा अहवाल दोनदा वाचला. शंभर नोडांचं, म्हणजे हवा मोजून रेडिओने कळवणाऱ्या डब्यांचं, सिम्युलेशन नीट जमलंय. पण तेच जसंच्या तसं आपल्या कलमांत चोवीस नोडांवर मांडलंस, तर थोड्याच दिवसांत हेड, म्हणजे आपल्या गटाची (क्लस्टरची) माहिती गोळा करून पुढे पाठवणारे, झालेले नोड मान टाकतील आणि तू दोष देशील बॅटरीला. म्हणून हे सविस्तर लिहिते.

तू वापरलेला लीच हा प्रोटोकॉल, म्हणजे नोडांनी कधी आणि कोणाशी बोलायचं याचे नियम, हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी २००० साली मांडला. नाव जळूचं, पण रक्त एकाचंच शोषायचं नाही, एवढंच त्याचं सूत्र. देवळात दिव्याची पाळी घराघरांत फिरते तसं हेडपण फिरवायचं. तू घेतलेले आकडे त्यांच्या २००२ च्या लेखातले आहेत: सर्किटला बिटमागे ५० नॅनोज्यूल, पाठवायचा खर्च जवळ असताना अंतराच्या वर्गाने वाढतो, सुमारे ८८ मीटरच्या पुढे चौथ्या घाताने. त्या हिशेबाने ४००० बिटांचं पॅकेट ५० मीटरवर पाठवायला ०.३ मिलिज्यूल लागतात, २०० मीटरवर थेट बेस स्टेशनला, म्हणजे सगळी माहिती जिथे जमा होते तिथे, ८.५. वीस जणांच्या क्लस्टरमध्ये हेडला घेणं, एकत्र करणं आणि पुढे पाठवणं मिळून १२.७ पडतात. पाळी वीस फेऱ्यांत (फेरी म्हणजे वाचन गोळा करायची एक खेप) एकदाच येते, म्हणून सरासरी फेरीला ०.९२. नऊपट बचत. इथवर तुझं बरोबर.

पण या गणितात फक्त आलेल्या-गेलेल्या बिटांचे पैसे मोजलेत. कोणी बोलत नसताना कान उघडा ठेवायचा खर्च त्यात नाहीच. तुझी रेडिओ चिप सीसी२४२०. ती पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते आणि ऐकताना १८.८. ऐकणं बोलण्यापेक्षा महाग! हेडचा रिसीव्हर अखंड चालू राहिला तर २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल १३३ तासांत, म्हणजे साडेपाच दिवसांत संपतात. अंतर वाचवून काय उपयोग?

म्हणून वेळापत्रक घट्ट हवं. दर १५ मिनिटांनी वाचन आणि हेडखाली पाच नोड धर. प्रत्येकाला १०० मिलिसेकंदांची खिडकी दिलीस तर हेड १५ मिनिटांत अर्धा सेकंदच जागा राहतो. सरासरी जेमतेम १० मायक्रोअँपिअर. आता नवा हेड ठरवायची निवडणूक बघ. तुझ्या कोडमध्ये ती दर फेरीला आहे आणि त्यासाठी चोवीसही नोड दोन-दोन सेकंद कान देऊन बसतात. त्याची सरासरी ४२ मायक्रोअँपिअर. म्हणजे हेड असण्यापेक्षा हेड निवडणं चौपट महाग पडतंय. निवडणूक दिवसातून एकदाच, पहाटे घे. खर्च अर्ध्या मायक्रोअँपिअरच्या खाली येतो.

खिडकी १०० मिलिसेकंदांची का, तर घड्याळं सरकतात. घड्याळाला ठोका देणारा ३२.७६८ किलोहर्ट्झचा साधा क्रिस्टल दहा लाखांत २० इतका इकडेतिकडे असतो. दोन नोड उलट दिशेने सरकले तर १५ मिनिटांत ३६ मिलिसेकंदांचा फरक. शिवाय हा क्रिस्टल २५ अंशांपासून दूर गेला की मंदावतो, आणि तेही अंतराच्या वर्गाने. कातळावर उन्हात डबी आतून ५५ अंशांवर गेली तर आणखी दहा लाखांत तीसेक, म्हणजे २८ मिलिसेकंद. एक नोड कातळावर आणि दुसरा कलमाच्या सावलीत, अशी जोडी लहान खिडकीत दुपारी एकमेकांना चुकवणारच. लॅबमध्ये हे दिसत नाही. दर फेरीला हेडच्या बीकनवर (ठरल्या वेळी दिलेल्या हाकेवर) घड्याळ जुळवून घे. बीकन लागोपाठ तीनदा हुकला तरच नोडने जास्त वेळ ऐकायचं.

नोडांची संख्याही बघ. पाच टक्के हेड हा आकडा शंभर नोडांसाठी होता. चोवीस नोडांत तोच ठेवलास तर पहिल्या फेरीत एकही हेड न निघण्याची शक्यता २९ टक्के. तेवढी फेरी सगळे बेस स्टेशनकडे थेट ओरडणार किंवा गप्प बसणार. वीस टक्के ठेव, म्हणजे ती शक्यता अर्ध्या टक्क्यावर येते. खरं तर एवढ्याशा जाळ्यात नुसतं नशिबावर सोडूच नये. यूनिस आणि फाहमी यांच्या हीड या प्रोटोकॉलमध्ये (२००४) उरलेली ऊर्जा आधी बघतात, तसं कर. पण उरलेली ऊर्जा व्होल्टेजवरून ओळखायला जाऊ नकोस. अल्कलाइन सेल हळूहळू उतरतो, तिथे चालेल. निकेल मेटल हायड्राइड किंवा लिथियम थायोनिल क्लोराइडचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. त्यापेक्षा रेडिओ किती मिलिसेकंद चालू होता ते नोडनेच मोजत जावं.

आणि लीचचं ते गृहीतक, की कुठलाही नोड बेस स्टेशनपर्यंत पोचतो! मांगरावर बेस स्टेशन ठेवलंस तर वहाळाच्या उतरणीवरचे नोड त्याला दिसणारच नाहीत. ते निवडून आले तर त्यांचं अख्खं क्लस्टर मुकं. उमेदवारी फक्त गडग्याच्या वरच्या अंगाला असलेल्यांना दे. २.४ गिगाहर्ट्झला ओली पालवी फार खाते, म्हणून पुढच्या वेळी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातला रेडिओ घे. मात्र १०० मीटरच्या दुव्याला मधोमध सुमारे तीन मीटर त्रिज्येचा मोकळा घेर लागतो, २.४ ला पावणेदोन. अँटेना बुंध्याला कमरेएवढ्या उंचीवर बांधून भागणार नाही.

हेडवर सरासरी काढतेस ते मला पटत नाही. तुला आर्द्रता हवी ती मोहोरावरच्या भुरी रोगासाठी. वहाळाकडची दमट हवा आणि माथ्यावरचा वारा यांची सरासरी कुठल्याच झाडाची नसते. किमान, कमाल आणि कमालवाल्या नोडचा क्रमांक पाठव, आकार तोच राहतो. टीन या प्रोटोकॉलसारखं (२००१) मर्यादा ओलांडली तरच बोलायचं, हेही चालेल. त्यात गोम अशी की गप्प बसलेला नोड मेलाय की त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, हे कळत नाही. म्हणून सहा तासांनी एकदा नुसती हजेरी घे.

डब्यांचं थोडक्यात: केबलचं भोक खालच्या अंगाला, केबलला पाणी गळेल असा झोल, बोर्डावर ओल अडवणारं कॉन्फॉर्मल कोटिंग, अँटेनाच्या जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप. खाऱ्या हवेने तो जोड हिरवा पडला की पल्ला घटतो आणि तू प्रोटोकॉलमध्ये चूक शोधत बसशील. लाल मुंग्यांसाठी भोकं सिलिकॉनने बंद कर.

झाडांवर चढवण्याआधी चोवीसही नोड आठवडाभर पडवीत मांडून ठेवू. करंट मोजताना मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवून रेडिओ चालू करू नकोस. आतल्या शंटवर (करंट मोजायच्या रेझिस्टरवर) व्होल्टेज पडतं आणि नोड रीसेट होतो, मग वाटतं कोडच बिघडलाय. १० ओहमचा रेझिस्टर मालिकेत लाव आणि ऑसिलोस्कोपवर बघ. ऐकताना सुमारे १८८ मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. स्कोप इथे नाही, तुझ्या कॉलेजातून आठवड्यासाठी मिळतो का ते विचार.

तुझी
आई