मेंदू व्हायला पेशीला कोण सांगतं?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सुरुवातीला सारख्याच दिसणाऱ्या पेशींपैकी काहींनाच मेंदू व्हायचं कसं कळतं, असं तू विचारलंस. हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे पत्र लांबणार.

खरं उत्तर उलटं आहे. बेडकाच्या भ्रूणातल्या बाहेरच्या थराच्या पेशींना कुठलाच संदेश मिळाला नाही, तर त्या आपसूक चेतापेशींच्या वाटेला लागतात. त्यांना त्वचेकडे वळवतं ते बीएमपी नावाचं प्रथिन. म्हणजे मेंदू घडवायचा तर आधी बीएमपीला अडवायला हवं!

हे काम कुठून होतं याचा पत्ता 1924 मध्ये लागला. हिल्डे मॅंगोल्ड आणि हान्स स्पेमान या जर्मन जीवशास्त्रज्ञांनी न्यूटच्या (बेडकासारख्याच एका उभयचर प्राण्याच्या) एका भ्रूणाचा चिमुकला तुकडा काढून दुसऱ्याच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे दुसरी चेतानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मेरुरज्जू घडतात ती नळी, उगवली, जवळजवळ जोडभ्रूणच. दाता फिक्या रंगाचा आणि यजमान गडद, त्यामुळे नवी नलिका मुख्यतः यजमानाच्याच पेशींची आहे हे सरळ दिसलं. तुकड्याने ती स्वतः बांधली नव्हती, शेजाऱ्यांकडून बांधून घेतली होती. हिल्डे त्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी, अपघातात गेली. 1935 चं नोबेल एकट्या स्पेमानला मिळालं, याची मला आजही हळहळ वाटते. तो तुकडा नेमकं काय पाझरतो हे कळायला मात्र 1990 चं दशक उजाडलं. नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिनं बीएमपीला पेशीबाहेरच धरून ठेवतात.

नलिका तयार झाली की तिच्याखालच्या पृष्ठरज्जूतून, म्हणजे भ्रूणाला आधार देणाऱ्या दांड्यातून (हा मेरुरज्जू नव्हे), सॉनिक हेजहॉग हा रेणू पसरतो. दिव्याजवळ उजेड जास्त आणि लांब कमी, तसंच याचं प्रमाण. कुठे किती मात्रा पोचते आणि किती वेळ टिकते, त्यावर पेशी ठरवते की स्नायू हलवणारी चेतापेशी व्हायचं की आणखी काही. वरच्या बाजूने येतो तो पुन्हा बीएमपी! मघाशी ज्याला दूर ठेवलं, तोच आता पाठीकडच्या चेतापेशी घडवतो. रेणू तोच, पण ऐकणारी पेशी बदलली की अर्थही बदलतो. यापेक्षा सुंदर गोष्ट मला जीवशास्त्रात सापडलेली नाही.

हा संदेश तुटला तर? अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये 1950 च्या दशकात एकडोळी कोकरं जन्मत होती. गाभण मेंढ्यांनी साधारण चौदाव्या दिवशी एक रानटी वनस्पती खाल्लेली असायची. तिच्यातलं सायक्लोपामाइन हेजहॉगचा संदेश रोखतं, त्यामुळे पुढचा मेंदू आणि डोळे दोन भागांत विभागलेच जात नाहीत.

बहीण बाळाचा विचार करतेय असं लिहिलंस, म्हणून एक सांगतो. माणसात ही नलिका गर्भधारणेनंतर 28 दिवसांच्या आसपास बंद होते, कित्येकदा दिवस गेल्याचं कळायच्या आधीच. म्हणून ती नीट बंद व्हायला मदत करणारं फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम आधीपासूनच सुरू करायला सांगतात. तिने डॉक्टरांना आत्ताच विचारावं, कारण काहींना जास्त मात्रा लागते.

चेतातंतू वाट कशी शोधतात, हे पुढच्या पत्रात.

तुझाच,
मित्र