शनिवारी चेल्सी मार्केटला जाताय ना!

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. न.

इथे नाशकात गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. काल दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर गोदावरी आली, त्यामुळे बुधवारचा बाजार घाटावर भरलाच नाही. काही भाजीवाले वरच्या रस्त्यावर बसले होते. मेथीची जुडी चाळीस रुपये म्हणाला, तशीच परत आले.

दादा शनिवारी तुम्हाला न्यूयॉर्कला चेल्सी मार्केट दाखवायला नेतोय म्हणे. मी गेल्या वर्षी तासाभरासाठी गेले आणि तीन तासांनी बाहेर पडले. आई, बाजार म्हणजे छताखालचा लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना खाण्याची दुकानं. मासळीच्या दुकानात तुझ्या माहेरच्या शेवंडीच्या चुलत बहिणी दिसतील, जिवंत. फक्त यांना खेकड्यासारख्या नांग्या असतात. मेक्सिकन दुकानात मक्याच्या छोट्या भाकऱ्या तव्यावर टाकतात. थापत नाहीत, यंत्रात दाबतात. तू नाक मुरडशील, पण खा. बसायला जागा मिळेलच असं नाही. आणि घासागणिक डॉलरचे रुपये करू नकोस, दादाचा मूड जातो.

बाबा, तुम्ही मात्र खाण्याआधी इमारत बघा. हा नॅशनल बिस्किट कंपनीचा, म्हणजे नॅबिस्कोचा कारखाना. तुमचा नातू दुधात बुडवून खातो ते ओरिओ 1912 साली पहिल्यांदा इथेच बनलं. दहाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला मालगाडी खांबांवरच्या रुळांवरून थेट इमारतीतच शिरायची. तो मार्ग 1934 चा. शेवटची गाडी 1980 साली गेली, आता त्या रुळांच्या जागी बाग केलीय, तिला हाय लाइन म्हणतात. वर जायला लिफ्ट आहे, गुडघ्यांची काळजी नको. कंपनी 1958 मध्ये तुमच्या न्यू जर्सीतच फेअर लॉनला हलली आणि 1997 ला इथे बाजार सुरू झाला. 2018 मध्ये गूगलने ही इमारत 240 कोटी डॉलरना घेतली.

मला आवडलं ते हे, की त्यांनी गिलावा करून सगळं गुळगुळीत केलेलं नाही. विटा उघड्या, लोखंड उघडं. बोळाच्या मध्ये एका जाड पाइपातून पाणी धो धो खाली विहिरीसारख्या खड्ड्यात पडतं. लोक फोटो काढतात. तुम्ही आधी व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधाल आणि मग पाणी वाया जातंय का परत वर चढवतात, ते दादाला विचाराल. त्याला माहीत नसणार.

एक सांगायचं होतं, मघापासून इकडचं तिकडचं लिहितेय. परवा सातपूरला गेले होते. तुमच्या कंपनीचं शेड पाडायला घेतलंय. पत्रे उतरवलेत, तुमच्या क्रेनचा गर्डर अजून वर आडवा आहे. खाली जेसीबी. गेटवरच्या माणसाला विचारलं, काय होणार इथे? म्हणाला, गाळे निघतील बहुतेक. तुम्ही तो रस्ता टाळता हे माहितीय मला. पण परत आल्यावर कुणा दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

फोटो काढलाय. आत्ता पाठवत नाही. शनिवारी त्या पाइपाजवळ पोटभर उभे राहा, मग हवा असेल तर सांगा.

तुमची,
धाकटी