भिंतीबाहेरच्यांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरांतल्या बंद कारखान्यांच्या जागांच्या पुनर्विकासावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. सदनिका किती, मजले किती, महसूल किती, सगळं त्यात आहे. त्या जागेत एक चौरस फूटही विकत न घेणाऱ्यांच्या पदरात काय पडतं, ते तेवढं नाही.

कारखाना बंद पडतो, पण कुंपणाची भिंत उभीच राहते. पलीकडच्या शाळेत जायला मुलं तिला वळसा घालतात. अंधार पडला की त्या कडेने एकटीदुकटी बाई जात नाही. भिंत पाडून आरपार रस्ता काढला, की दोन वस्त्या जोडल्या जातात. हे कुठल्या ताळेबंदात येतं?

मातीचंही तसंच. गॅसच्या किंवा रंगाच्या कारखान्याखाली डांबर, तेल, शिसं मुरलेलं असतं आणि ते पावसाबरोबर भूजलात उतरतं. ही माती धुता येते. विष बहुतेक बारीक, चिकट कणांना धरून बसतं. ते कण वेगळे काढले, की वाळू-खडी पुन्हा कामाला येते. लंडनला २०१२च्या ऑलिंपिकआधी स्ट्रॅटफर्ड भागातल्या जुन्या कारखान्यांच्या जागेवर सुमारे वीस लाख टन माती उपसून त्यातली बहुतेक शुद्ध करून वापरली. सिॲटलमध्ये १९५६ साली बंद पडलेल्या गॅस कारखान्याच्या जागी १९७५ मध्ये बाग झाली. तिथे सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मातीत कालवून जिवाणूंकडून तेल पचवून घेतलं. (शेजारच्या तळ्याच्या तळाशी साचलेली घाण मात्र पुढेही डोकेदुखी राहिली.)

जर्मनीत डुइसबुर्गला १९८५ मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना तर पाडलाच नाही. वायूच्या टाकीत पाणी भरून लोक तिथे बुडी मारायला शिकतात आणि खनिजाच्या कोठ्यांच्या भिंतींवर चढाईचा सराव करतात. तिथे राबलेल्या आजोबांना नातवाला ‘ही आमची भट्टी’ म्हणून बोट दाखवता येतं.

यात एक खोट आहे. बाग झाली की आसपासची भाडी चढतात आणि वर्षानुवर्षं धूर खाल्लेलीच माणसं आधी बाहेर पडतात. म्हणून परवडणाऱ्या घरांचा वाटा आणि खुल्या रस्त्याची हमी परवानगीच्या कागदावरच हवी. ‘नंतर बघू’ म्हटलेलं कोणी बघत नाही.

लेखाच्या पुढच्या भागात लेखकांनी आपल्या तक्त्यात भिंतीबाहेरच्यांसाठी एक रकाना वाढवावा, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक