उद्यमनगरातल्या मामांना उघडं पत्र

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलवर लांबलचक काही वाचायचा तुम्हाला कंटाळा आहे, म्हणून हे वाचून दाखवायचं काम तुमच्या मुलावर सोपवलंय. सगळ्यांदेखत लिहितोय ते एवढ्यासाठी की जुन्या गाडीला खालून पट्ट्या मारून घ्यायचं (म्हणजे ढिला सांगाडा ताठ करायला लोखंडी नळ्या जोडून घ्यायचं) डोक्यात असलेले माझ्यासारखे बरेच आहेत. माझ्या मारुती एस्टीमचं काम तुम्ही तुमच्या गॅरेजात चांगलं केलंत, पण मला आभार मानायचेत ते आधी नाही म्हणाल्याबद्दल.

गाडी 2003ची, बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षांचं पासिंग संपून नूतनीकरणही होऊन गेलंय, आणि विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. करूळ घाट उतरताना वळणावर डॅशबोर्ड कुरकुरायचा, एक चाक खड्ड्यात गेलं की मागचं दार करकरायचं आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळतेय असं वाटायचं. एका गॅरेजवाल्याने गाडी न बघताच पुढे-मागे चार बार, म्हणजे अशाच पट्ट्या, टाकायचा हिशेब फोनवर सांगून टाकला होता. तुम्ही मात्र गाडीखाली शिरलात, पहारीने लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) हलवून पाहिलेत आणि बाहेर येऊन म्हणालात, "गाडी ढिली न्हाई, रबरं गेल्यात. ती बदला, मग या. पट्टी काय, मी आज पण मारीन, पर पैसं पाण्यात जातील."

बुश (सांध्यांतली ती रबरं), पुढच्या स्ट्रटची, म्हणजे स्प्रिंग-शॉकअपच्या खांबांची, माउंटिंगं आणि टायर बदलल्यावर निम्मी तक्रार तिथेच मिटली. तुमचं गिऱ्हाईक जवळपास हातचं गेलं होतं, मामा! पण दाराची करकर राहिली, म्हणून परत आलो.

मग तुम्ही जे केलंत ते इतरांनी करून बघावं असं आहे. वर्तमानपत्राची पट्टी दुमडून मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात, दार आणि खांबाच्या फटीत सरकवलीत. आरामात फिरत होती. मग पुढचा डावा कोपरा जॅकवर उचललात. चाक जमिनीवरून सुटलं आणि तीच पट्टी फटीत अशी धरली गेली की ओढल्यावर फाटली. दार तेच आणि बिजागरीही तीच, चौकट मात्र तिरकी झाली होती. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण तुम्ही टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत.

जीपला किंवा ट्रकला खाली शिडीसारखी वेगळी चासी असते. एस्टीमसारख्या गाडीत ती नसते, पत्र्याची पेटी हीच चासी. (1922च्या लान्चिया लॅम्डापासून मोटारी अशा बनू लागल्या, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही "बरं" एवढंच म्हणालात.) हाच सांगाडा आपल्याकडे 1990 साली मारुती 1000 म्हणून आला तेव्हा त्यात 46 अश्वशक्तीचं इंजिन होतं, 1999नंतर एस्टीममध्ये 85चं आलं. पण इंजिन वाढल्याने गाडी ढिली झाली असं मला वाटत नाही. जपानमध्ये या गाडीच्या भावंडांत याहून मोठी इंजिनं होती. आपल्या गाडीचं आयुष्य खाल्लं ते रस्त्याने आणि गंजाने.

गंज तुम्ही शोधलात तो ड्रायव्हरच्या बाजूच्या रनिंग बोर्डात, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्ट्यात. वरून रंग ठणठणीत, पण स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत गेलं. तेव्हा तुम्ही बाजूला पडलेला एक इंची गोल पाइपचा तुकडा माझ्या हातात दिलात आणि पिळायला सांगितलंत. हलला नाही. मग ग्राइंडरने त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चीर पाडलीत आणि पुन्हा दिलात. माझ्यासारख्या कारकुनी हातांनीही तो पिळवटला! वजनात म्हणावा असा फरक नाही, लोखंड तेच. घरी येऊन मी आकडेमोड केली: 25 मिमी व्यासाच्या आणि 1.6 मिमी जाडीच्या नळीला अशी चीर पडली की पिळाविरुद्धचा ताठपणा साधारण 160 पटीने घटतो. रनिंग बोर्ड म्हणजे बंद नळीच. तिचा खालचा जोड गंजून उघडला की वर कितीही चकचकीत रंग असो, चीर पडलेलीच म्हणायची. म्हणून आधी सडलेला पत्रा कापून नवा तुकडा, सीओटू वेल्डिंग, पुन्हा गंजू नये म्हणून आतून मेण आणि मगच पट्ट्या.

पट्ट्यांचं काम तसं साधं, त्यामुळे थोडक्यात. पुढचे दोन्ही लोअर आर्म जिथे बॉडीला धरतात त्या जागा एका आडव्या नळीने जोडल्या. मागेही तसंच. मधे सायलेन्सरची नळी जाते तो बोगदा खालून उघडा असतो, तिथे दोन आडव्या आणि त्यांच्यामध्ये एक तिरकी. ती तिरकी महत्त्वाची, नुसता चौकोन पिळात हलतोच. सगळं 40 बाय 20च्या चौकोनी पाइपचं आणि आडवं बसवलेलं, म्हणजे स्पीडब्रेकरला खाली घासत नाही. सायलेन्सरला वळसा घालायला पाइप वाकवू या, असं तुमचा पोऱ्या म्हणाला तेव्हा तुम्ही ओरडलात, कारण वाकवलेली नळी ताण आला की आधी सरळ व्हायला बघते. जागा बदलून सरळ नळीच बसवलीत.

गाडीखालच्या पत्र्याच्या पोकळ रेलमधून पट्ट्यांचे बोल्ट नेताना आत नळीचे तुकडे घातलेत, हे मला फार आवडलं. ते नसते तर बोल्ट आवळताना पत्रा चेपला असता आणि महिन्याभरात सगळं सैल. मागचं वेल्डिंग सुरू करायच्या आधी टाकी उतरवलीत, बॅटरी आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) प्लग काढलात. आणि शेवटचं आवळणं? त्यासाठी गाडी गॅरेजातल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर आणून चारही चाकांवर उभी केलीत. जॅकवर लटकलेल्या गाडीला पट्टी आवळली तर तो वाकडेपणा तसाच कायमचा धरून बसतो, हे मी कुठेच वाचलं नव्हतं.

पुढच्या बंपरमागून एक जाड अँगल टाकायची सूचना माझ्या मित्राची होती. "ते चेपायलाच ठिवलंय. तिथं अँगल घातला तर धडक तुमच्या छातीत," असं सांगून तुम्ही तो विषय संपवलात.

आता गाडीबद्दल. ती जास्त पळायला लागली नाही, उलट थोडं वजन वाढलं असेल. पण घाटात स्टिअरिंग वळवलं की पुढचं आणि मागचं एकदम वळतं. खड्ड्याचा धक्का उलट कमी वाटतो, जे आधी मला पटलं नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात की पत्राच स्प्रिंग झाला तर त्याला शॉकअप कुठनं आणायचा. सांगाडा जागेवर राहिला की खालच्या स्प्रिंगा आणि शॉकअप आपलं काम करतात. डॅशबोर्ड मात्र अजून थोडा कुरकुरतो. तो प्लॅस्टिकचा दोष आहे, तुमचा नाही.

बिलात तुम्ही गंजाच्या कामाचे पैसे पट्ट्यांपेक्षा जास्त लावलेत आणि तेच रास्त होतं. पट्ट्या सगळ्यांना दिसतात, रनिंग बोर्डाच्या आतला तुकडा कुणी बघणार नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. बोल्ट एकदा टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे होते, त्यासाठी पुढच्या आठवड्यात येतो. आणि अँगलवाला तोच मित्र आता त्याच्या 1998च्या झेनला पट्ट्या मारून घ्यायच्या म्हणतोय. त्याला आधी रबरं बघून ये म्हणून सांगितलंय. तरी तो येईलच, तेव्हा त्याच्याही हातात एक पाइप द्या.

काकूंना नमस्कार.

आपला,
पांढऱ्या एस्टीमवाला