मृण्मयीस पत्र: ऑफिसच्या फाइल्स तीन संगणकांवर

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसातले दोन संगणक आणि तुझा घरचा लॅपटॉप तू आणि रेवती गूगल ड्राइव्हने जोडणार आहात, हे फार बरं करताय. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ठेव: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका जागी जे झालं ते सगळीकडे करायचं, एवढंच सिंकचं काम. रेवतीने ऑफिसात चुकून फाइल उडवली तर ती तुझ्या लॅपटॉपवरूनही जाणार. व्हायरसने फाइल्स कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद प्रतीच वर चढणार. पुढचं सगळं हे धरूनच लिहिते.

ऑफिससाठी वेगळं गूगल खातं काढा आणि मुख्य फोल्डर त्या खात्याच्या मालकीचं ठेवा. फाइल ज्याच्या मालकीची, त्याच्याच कोट्यातून जागा जाते. फुकट मिळणाऱ्या १५ जीबीमध्ये जीमेल आणि फोटोही मोजले जातात, आणि कोटा भरला की नवीन मेल येणंच थांबतं. अशिलांची मेल अशी अडकायला नको. या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, लावा. पासवर्ड मात्र दोघींत वाटून घेऊ नका. तुमच्या स्वतःच्या खात्यांना फोल्डर एडिटर म्हणून शेअर करा. ते आधी फक्त 'शेअर्ड विथ मी'मध्ये दिसेल आणि संगणकावर येणार नाही. त्यासाठी ब्राउझरमध्ये त्यावर राइट क्लिक करून माय ड्राइव्हमध्ये शॉर्टकट टाकावा लागतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

मग तिन्ही संगणकांवर 'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' हा गूगलचा सिंक करणारा प्रोग्रॅम घाला. त्यात स्ट्रीम आणि मिरर असे दोन पर्याय आहेत. स्ट्रीममध्ये फाइल्स नव्या ड्राइव्हमध्ये, बहुधा जी:मध्ये, दिसतात, पण उघडल्यावरच उतरतात. डिस्क वाचते, पण नेट गेलं की न उतरलेली फाइल उघडत नाही. मिररमध्ये पूर्ण प्रत डिस्कवर राहते आणि तितकीच जागा जाते. माझं मत विचारशील तर स्ट्रीम घे, आणि चालू वर्षाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ते ऑफलाइन उपलब्ध ठेव.

पहिल्या अपलोडला वेळ लागतो. १० एमबीपीएस अपलोडवर २० जीबी चढायला साडेचार तास लागतात, आणि जोडणीची जाहिरात डाउनलोडच्या वेगाची असते, अपलोडचा वेग बरेचदा कमी असतो. लॅपटॉपचं झाकण मिटलं की काम थांबतं, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करून रात्रभर चालू ठेव. रोजसुद्धा ऑफिस सोडण्याआधी खालच्या उजव्या कोपऱ्यातलं ड्राइव्हचं चिन्ह बघायचं. सिंक पूर्ण झालेलं दिसल्याशिवाय संगणक बंद करायचा नाही, नाहीतर घरी कालचीच फाइल उघडेल.

एकच एक्सेल फाइल दोघींनी आपापल्या संगणकावर उघडून सेव्ह केली, तर नोंदी एकत्र होतील असं धरू नका. कधी दोन प्रती होतात, कधी शेवटी चढलेली वरचढ ठरते. आधीची प्रत ब्राउझरमध्ये 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये सापडते, पण जुन्या प्रती ३० दिवसच राहतात, किंवा १०० प्रती होईपर्यंत. जपायची प्रत तिथेच 'कीप फॉरएव्हर' करून ठेव. दोघींना एकाच वेळी भरायची यादी, म्हणजे कोणाची कागदपत्रं आली नि कोणाची बाकी आहेत असली, सरळ गूगल शीट्समध्ये करा.

हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर सिंकमध्ये अजिबात टाकू नका. त्या आकड्यांच्या नावांच्या फोल्डरांत एकमेकांवर अवलंबून असलेल्या बऱ्याच फाइल्स असतात आणि टॅली त्यांत एकाच वेळी लिहीत असतं. सिंक त्या एकेक करून उचलतं. त्यामुळे अर्धी जुनी, अर्धी नवी जोडी दुसऱ्या संगणकावर पोहोचते आणि डेटा बिघडतो. डेटा एकाच संगणकावर राहू दे. टॅलीतून बॅकअप घ्या आणि ती बॅकअप फाइल तेवढी ड्राइव्हमध्ये ठेवा.

श्रीलिपीत, म्हणजे त्या जुन्या मराठी फॉन्टांत, टाइप केलेली जुनी पत्रं घरी उघडलीस तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट त्या लॅपटॉपवर नसतो. नवीन मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या मराठीत, करा, जुना बाहेर पाठवताना पीडीएफ करा. फाइलच्या नावात तिरकी रेघ नको, २०२४-२५ असं लिहा. विंडोज ती रेघ स्वीकारत नाही.

अशिलाला लिंक देताना 'एनीवन विथ द लिंक' कधीच नको. पॅन आणि आधारच्या प्रती आहेत त्यात. 'रिस्ट्रिक्टेड' ठेवून त्याचा ईमेल घाला आणि व्ह्यूअर एवढाच अधिकार द्या. वरचं फोल्डर शेअर केलं की आतली सगळी उघडी पडतात, म्हणून प्रत्येकाचं स्वतंत्र फोल्डर असू दे आणि तेवढंच शेअर करा.

डिलीट केलेली फाइल ड्राइव्हच्या बिनमध्ये, म्हणजे कचरापेटीत, ३० दिवस राहते, नंतर जाते. म्हणून महिन्यातून एकदा पूर्ण फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर व्हायरस तिलाही धरतो.

तुझ्या लॅपटॉपवर आणखी एक बघ. डेस्कटॉपवरच्या एखाद्या फाइलच्या पत्त्यात 'वनड्राइव्ह' (मायक्रोसॉफ्टची ड्राइव्हसारखीच सोय) दिसलं, तर विंडोज ते फोल्डर आधीच त्याच्या ५ जीबीत चढवत आहे. एकाच फोल्डरवर दोन सिंक नकोत. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज बॅकअप'मध्ये जाऊन ते बंद कर. डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नकोस, फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून हलवून घे.

सगळं एकदम चढवू नका. आधी एकाच अशिलाचं फोल्डर टाका. एका संगणकावर फाइलमध्ये एक ओळ बदला, दुसऱ्यावर ती आली का बघा, मग फाइल मुद्दाम डिलीट करून बिनमधून परत आणा. हे तिन्ही संगणकांवर जमलं की बाकीची फोल्डरं घाला. कुठे अडलं तर पडद्याचा फोटो पाठव.

तुझी,
आई